अंड्यातलं पिवळं वाईट कधी ठरलं: थोडी पार्श्वभूमी

फिटनेससाठी रोज काय खावं याची कुठलीही यादी काढा, त्यात ओट्स, दही, कडधान्यं, भाज्या, अंडी असतातच. पण यातल्या कुणाचंच नाव अंड्याइतकं खराब झालं नाही आणि मग परत इतकं सुधारलंही नाही, म्हणून ही पार्श्वभूमी जवळजवळ सगळी अंड्याचीच आहे, त्यातही पिवळ्याची.

जुनं थोडक्यात सांगतो. प्रोटीन हा शब्द १८३८ चा, व्हिटॅमिन १९१२ चा. पुढे प्रोटीनचा दर्जा मोजायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांची तुलना बराच काळ अंड्याशीच व्हायची, म्हणजे अंडं हीच मोजपट्टी होती. मधे १९१३ मध्ये रशियात सशांना तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. प्रयोग महत्त्वाचा होता, त्यात वाद नाही, पण ससा पाला खाणारा प्राणी, त्याच्या रोजच्या खाण्यात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. माणसाचं लिव्हर स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करत असतं आणि खाण्यातून जास्त आलं की बऱ्याच लोकांमध्ये तयार करणं कमी करतं.

खरी गाठ पडली १९६८ ला. अमेरिकेत हृदयरोगावर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल खा, आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त पिवळी नकोत. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे सकाळी दोन अंडी खाल्ली की झालीच मर्यादा पार. आता यात मला खटकतं ते असं, की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात सॅच्युरेटेड फॅटचा (तूप-लोण्यात जास्त असते त्या फॅटचा) हात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा बराच मोठा असतो हे माणसांवरच्या प्रयोगांतून तोपर्यंत दिसायला लागलं होतं, आणि अंड्यात सॅच्युरेटेड फॅट असतं जेमतेम दीड ग्रॅम. पण "आठवड्याला तीन" हे लक्षात ठेवायला सोपं, ते लोकांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

तिथूनच पांढरं खायचं आणि पिवळं टाकायचं ही सवय आली. जिमला जाणारा माणूस सहा अंडी फोडतो, पिवळं एका कवचातून दुसऱ्या कवचात घेत पांढरं वाटीत सोडतो आणि सहाही पिवळी सिंकमध्ये. प्रोटीनचंच बघायचं तर पांढऱ्यात साधारण साडेतीन ग्रॅम आणि पिवळ्यात पावणेतीनच्या आसपास, म्हणजे सहा अंड्यांत सोळा ग्रॅम प्रोटीन पाण्यात गेलं. शिवाय व्हिटॅमिन डी आणि जवळपास सगळं कोलीन (शरीराला लागणारं एक पोषकद्रव्य) पिवळ्यातच. कॅलरी कमी करायच्या असतील तर ठीक, पिवळ्यात ५५ आणि पांढऱ्यात १७, तो हिशोब वेगळा. पण भीतीपोटी टाकलं जातं त्याचं मला खरंच वाईट वाटतं. २०१७ ला एक छोटा अभ्यास आला, वेट ट्रेनिंग करणारे फक्त दहा तरुण, व्यायामानंतर एकदा अख्ख्या अंड्यांतून आणि एकदा नुसत्या पांढऱ्यातून तेवढंच १८ ग्रॅम प्रोटीन दिलं, आणि स्नायूंमध्ये नवीन प्रोटीन बनणं अख्ख्या अंड्यांनंतर जास्त दिसलं. दहाच माणसं आहेत, त्यामुळे फार ताणू नये.

मग आलं २०१५, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. अमेरिकेच्या सरकारी आहार-सल्ल्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अहवालात लिहिलं की कोलेस्टेरॉल जास्त खाल्लं जाण्याची काळजी करावी असा हा घटक राहिलेला नाही. बातम्या सुटल्या, अंडी निर्दोष! पण अंतिम सल्ला छापून आला तेव्हा त्यातून ३०० चा आकडा गेला होता आणि त्या जागी वाक्य होतं की चांगला आहार घेताना कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी खा. म्हणजे मर्यादा काढली पण सावधगिरी ठेवली, आणि लोकांनी ज्याला जे हवं ते अर्धं वाक्य उचललं, एक गट म्हणतो कितीही खा आणि दुसरा म्हणतो बघा, कमीच खा म्हटलंय.

त्यानंतरही चित्र हलतंच आहे. २०१९ च्या मार्चमध्ये जवळपास तीस हजार लोकांच्या माहितीवरून अंडी आणि हृदयरोगाचा संबंध परत दिसला, २०२० मध्ये त्याहून मोठ्या गटांत रोज एक अंडं खाणाऱ्यांना जास्त धोका दिसला नाही. डायबेटीस असलेल्यांचं किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांचं गणित वेगळं, त्यांनी आपल्या डॉक्टरलाच विचारावं. आणि १९६८ ला आठवड्याला तीन म्हणणारी जी संस्था होती ना, तिनेच २०१९ च्या शेवटी लिहिलं की निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालेल, आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल असलेल्या वयस्कर माणसाला तर दोन.