गुन्हेनोंद, नागपूर येथील

घडलेल्या किंवा घडल्याचा संशय असलेल्या गुन्ह्याची पोलीस ठाण्यात होणारी अधिकृत नोंद आणि तीवरून काढली जाणारी आकडेवारी.

नागपुरात ही पद्धत केव्हा सुरू झाली याबद्दल एकमत नाही. भोसल्यांच्या काळात शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर रेसिडेंट (दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधी) रिचर्ड जेंकिन्सने कारभार हाती घेतला, तेव्हाच पद्धतशीर नोंदींचा पाया पडला असे काही अभ्यासक मानतात. काही जण १८५४ मध्ये राज्य खालसा झाले तेथून आरंभ धरतात. मात्र जेंकिन्सचा अहवाल हा महसूल आणि कारभाराचा गोषवारा आहे, ठाण्याचे दप्तर नव्हे. १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ४४ ने प्रत्येक ठाणेदारावर दैनंदिनी ठेवण्याचे बंधन घातले. तक्रारी, अटक झालेल्यांची आणि साक्षीदारांची नावे, जप्त हत्यारे व माल हे सारे तीत यावयाचे होते. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. त्यामुळे आजच्या अर्थाची गुन्हेनोंद १८६२ च्या सुमारास सुरू झाली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. खेड्यांतून ठाण्याला खबर देण्याचे काम मुकद्दम (गावप्रमुख) व कोतवाल (येथे गावचा राखणदार) करीत.

विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तरी दप्तराची भाषा पूर्णपणे बदलली नाही. पश्चिम महाराष्ट्रात ‘गु. र. नं.’ (गुन्हा रजिस्टर नंबर) लिहितात, तर येथे ‘अप. क्र.’ (अपराध क्रमांक), तेथील ‘अकस्मात मृत्यू’ येथे ‘मर्ग’ असतो. हा जुन्या मध्य प्रांताचा वारसा असावा. अंबाझरी किंवा फुटाळा तलावात मृतदेह सापडला, की आधी मर्ग दाखल होतो. शवविच्छेदनात घातपात दिसला तर ‘फिर्यादीच्या तोंडी रिपोर्टवरून’ किंवा सरकारतर्फे खुनाचा अपराध नोंदवला जातो. तोवर तो मृत्यू गुन्ह्यांच्या आकड्यात नसतो.

आकडेवारीत मुख्य भेद दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अदखलपात्र असा आहे. शिवीगाळ, किरकोळ मारहाण यांची एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि फिर्यादीला न्यायालयात जाण्याची समज दिली जाते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या (स्थापना १९८६) वार्षिक अहवालातील शहरांच्या तक्त्यांत नागपूरचा समावेश असतो. त्यात दखलपात्र गुन्हेच मोजले जातात आणि एका फिर्यादीत अनेक गुन्हे असल्यास सर्वांत गंभीर तेवढा धरला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितांनुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरते. पूर्वी चोरी, मग ती कितीही लहान असो, दखलपात्र होती. सायकल किंवा जुना मोबाइल गेल्याच्या तक्रारी यामुळे दुसऱ्या रजिस्टरात जातील आणि चोऱ्या कमी झाल्याचा भास होऊ शकेल. याशिवाय पोलीस आयुक्तालयाची हद्द कामठी, हिंगण्यापर्यंत जाते. ती महापालिकेच्या हद्दीशी जुळत नाही. दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण काढताना या गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. वृत्तपत्रे नागपूरला अधूनमधून ‘गुन्ह्यांची राजधानी’ म्हणतात. हे विशेषण या आकड्यांच्या आधाराने टिकवणे कठीण आहे.

नोंद आणि अनुभव यांतील अंतराचे बहुचर्चित उदाहरण नागपुरातील कस्तुरबानगर या वस्तीचे आहे. अक्कू यादव हा गुंड अनेकदा अटक होऊन सुटला होता. आपल्या तक्रारींना दाद मिळत नाही, असे वस्तीतील स्त्रियांचे म्हणणे होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयात जमावाने त्याला ठार केले. दप्तरी हा एक खून आहे. पुढे २०१४ मध्ये आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. वस्तीने त्याआधी सोसलेल्या खंडणी व अत्याचारांपैकी किती फिर्यादींत उतरले, ते या एका नोंदीवरून कळत नाही.

याच्या उलट, कृत्य घडण्याआधीच माणसांची नोंद होण्याचा प्रकार गुन्हेगार जमाती कायद्याने (१८७१; १९११ मध्ये देशभर विस्तार) रूढ केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी विदर्भातील पारधी वस्त्यांवर चोरीचा पहिला संशय घेण्याची सवय गेलेली नाही.

ललिताकुमारी खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच फिर्याद नोंदवणे बंधनकारक ठरवले. आता हद्दीबाहेरच्या ठाण्यातही ‘झीरो’ क्रमांकाने ती देता येते. ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत ठाण्यात येऊन सही करावी लागते.