डोहासुर: प्राणी मनातला, अवयव खरे

डोहासुर नावाचा प्राणी कधीच नव्हता हे आधीच सांगते, तो मी मनाने बनवलाय. ९ मीटर लांब, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्युरासिक समुद्रातला, खोल पाण्यात शिकार करणारा सरीसृप. फक्त नियम एकच ठेवला, जो अवयव कुठल्याच खऱ्या प्राण्यात सापडत नाही तो काढून टाकायचा.

सगळ्यात आधी मान गेली. मला हंसासारखी पाण्याबाहेर उचललेली मान हवी होती, आणि इलॅस्मोसॉरस या लांब मानेच्या समुद्री सरीसृपाच्या मानेत ७२ मणके होते म्हणजे लांबीची अडचण नव्हती, पण एवढं वजन हवेत उचलून धरणं त्यालाही जमणारं नव्हतं. (एडवर्ड कोप या जीवाश्मतज्ज्ञाने १८६९ च्या चित्रात त्याचं डोकं चक्क शेपटीच्या टोकाला लावलं होतं, इतकी ती मान शेपटीसारखी दिसते!) शिवाय खोल सूर मारायचा तर आखूड मानच बरी, पाणी कापायला सोपं जातं.

डोळे मात्र ठेवले, आणि चांगले मोठे ठेवले. टेम्नोडॉन्टोसॉरस या इक्थिओसॉरचा (म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरीसृपाचा) डोळा २० सेंटीमीटरच्या वर होता आणि बुबुळाभोवती हाडांच्या चकत्यांचं कडं होतं, त्यामुळे डोळ्याचा आकार टिकून राहायचा. मोठा डोळा म्हणजे अंधारात जास्त उजेड गोळा होतो, तिथे हाच खरा फायदा.

समुद्रातला प्राणी म्हटलं की लोक लगेच कल्ले लावतात, पण सरीसृपांना फुप्फुसंच असतात, त्यामुळे डोहासुरला श्वासासाठी वर यावंच लागणार. मग खाली तासभर राहायचं कसं? तर स्पर्म व्हेलसारखं, तिच्या स्नायूंत मायोग्लोबिन (ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन) एवढं असतं की ऑक्सिजनचा साठा स्नायूंतच तयार असतो आणि मांस जवळजवळ काळं दिसतं. अंडी घालायला किनाऱ्यावर जायची गरज नाही, इक्थिओसॉरच्या पोटात पिल्लं असलेले जीवाश्म मिळालेत, म्हणजे डोहासुरची मादीपण पाण्यातच पिल्लं देणार.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे फ्लिपर, वल्ह्यासारखा पाय. जर्मनीत सापडलेल्या टेम्नोडॉन्टोसॉरसच्या जवळपास मीटरभर फ्लिपरची मागची कड दातेरी होती असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यामुळे पाण्याचा आवाज कमी होत असावा असं संशोधकांना वाटतं, घुबडाच्या पंखासारखं. अंधारात, आवाज न करता, मोठ्या डोळ्यांनी माकूळ हेरत येणारा प्राणी, विचार करूनच अंगावर काटा येतो.

राहिला रंग. २०१४ मध्ये एका इक्थिओसॉरच्या कातडीत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य सापडलं, आणि तो बहुतेक वरून खालून सगळाच गडद असावा असं त्यावरून दिसलं. म्हणून डोहासुरचं पोटही मी पांढरं न ठेवता काळंच रंगवलंय.