ओंडके काढल्याने सॅमनचं भलं होत नाही

ओढ्यात पडलेली झाडं उपसली की समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सॅमन माशांची वाट मोकळी होते, हा समज अजूनही ऐकू येतो. अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत १९५० ते १९७० च्या दशकांत खुद्द सरकारी खात्यांनीच असे ओंडके काढले. हेतू चांगला होता, पण नुकसान मोठं झालं. ओंडक्यापाशी पाणी मंदावतं, डोह पडतो, खडी साठते. त्याच खडीत मादी शेपटीने खळगा करून अंडी घालते. कोहो जातीच्या सॅमनची पिल्लं तर साधारण वर्षभर अशा डोहांच्या आडोशाला वाढतात.

आता गळाने मासे धरणारे हौशी लोकच ओंडके परत बसवायच्या कामात राबतात, अर्थात रीतसर परवानगीने. पाण्यात उतरताना एक बघा: भोवतालपेक्षा उजळ, नुकतीच उकरलेली खडी दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका. खाली अंडी असतात.