आरपीई झालं म्हणजे एथिक्सचं झालं, असं नव्हे

ग्रँटचे प्रस्ताव पाठवायचे दिवस आले की माझ्या टेबलावर तेच ते कागद येतात. 'एथिक्स ट्रेनिंग' या रकान्यापुढे पीएच.डी.च्या कोर्सवर्कमधल्या आरपीईचं, म्हणजे 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स'चं सर्टिफिकेट. एकानं तर सिमिलॅरिटी रिपोर्टच, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा कागद, जोडला होता. "नऊ टक्के आलंय सर, एथिक्स क्लिअर आहे." प्रस्ताव होता गुऱ्हाळातल्या कामगारांच्या दम्यावर. दिवसभर चुलवाणात चिपाड सारणाऱ्या माणसाच्या छातीचा आणि त्या नऊ टक्क्यांचा संबंध काय, हे मी विचारलं तेव्हा गडी बुचकळ्यात पडला.

आरपीई काय असतं, ते थोडक्यात. यूजीसीनं डिसेंबर 2019 मध्ये पीएच.डी.ला सक्तीचा केलेला दोन क्रेडिटचा, तीस तासांचा पेपर. वाङ्मयचौर्य, प्रेडेटरी (पैसे घेऊन काहीही छापणारी) जर्नल, पेपरवर कुणाचं नाव आधी, इम्पॅक्ट फॅक्टर वगैरे. पेपर चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. वाचकाला फसवू नका, दुसऱ्याचं ढापू नका, आकडे घरी बसून भरू नका, एवढं तो शिकवतो.

दुसरं प्रशिक्षण माणसांवर होणाऱ्या संशोधनाचं. आपल्याकडे त्याचा पाया म्हणजे आयसीएमआरची, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं. औषधाची चाचणी असेल तर त्यावर जीसीपी, म्हणजे 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चे नियम. संमती, जोखीम, गोपनीयता, इजा झाली तर भरपाई, हे त्याचे विषय. तास किती, परीक्षा कशी, सर्टिफिकेटवर सही कुणाची, हे फरक किरकोळ आहेत, त्यात वेळ घालवू नका.

खरी फसगत दुसरीकडेच होते. आरपीई तुमच्या पदवीला चिकटलेलं असतं. एकदा पास झालात की झालात. हे दुसरं प्रशिक्षण प्रोजेक्टला चिकटतं, आणि प्रोजेक्टमध्ये जो जो माणूस सहभागी माणसांपुढे जाऊन बसणार, किंवा त्यांची नावानिशी माहिती हाताळणार, त्या प्रत्येकाला. म्हणून "मी वीस वर्षं गाईड आहे" किंवा "अहो, आरपीई मीच शिकवते" या उत्तरांना इथं किंमत नाही. उलट प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरणारा बी.ए.चा मुलगा, ज्याचं नाव प्रस्तावात कुठंच नसतं, त्याला ते सगळ्यात आधी हवं. होतं नेमकं उलटं. सर्टिफिकेट पीआयचं, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखाचं लागतं आणि माणसांपुढं तो मुलगा जातो.

आमच्याच एका प्रोजेक्टची गोष्ट. पैलवान पोरं वजनगटात बसण्यासाठी वजन कसं उतरवतात, असा विषय. एका तालमीत आमचा विद्यार्थी गेला आणि संध्याकाळी साठ संमतीपत्रं घेऊन आला. साठही फॉर्मवर एकाच निळ्या पेनाची, एकाच वळणाची सही. वस्तादांची. "सह्याच पायजेत न्हवं? आण हिकडं," म्हणून त्यांनी आखाड्याच्या कट्ट्यावर बसून सगळ्या करून टाकल्या होत्या. पोरगा खूश. आरपीईमध्ये त्याला उत्तम मार्क होते. सिमिलॅरिटी किती टक्क्यांना कोणती कारवाई, हे तो झोपेत सांगेल.

वस्तादांचं काही चुकलं नाही, त्यांनी मोठ्या मनानं मदत केली. पण त्यांची परवानगी ही तालमीच्या दारातून आत येण्याची परवानगी. पोरांच्या वतीनं हो म्हणण्याचा अधिकार त्यांना नाही. अठराच्या आतल्या मुलाला आई-बापाची संमती लागते, आणि बारा वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकारही. आई-बाप असतात सोलापुरात, बीडात, थेट हरियाणात. शिवाय प्रश्नावलीत विचारलं होतं की वजन उतरवायला गोळी घेता का. पोरानं हो लिहिलं आणि तो कागद वस्तादांच्या हाती पडला, तर त्याचं अंथरूण त्याच रात्री तालमीबाहेर. ही जोखीम आरपीईच्या कुठल्याच युनिटमध्ये शिकवत नाहीत, कारण तो त्याचा विषयच नाही. साठही फॉर्म आम्ही रद्द केले.

अमेरिकन विद्यापीठाबरोबर जोड-प्रोजेक्ट असेल तर हाच घोळ नव्या नावानं येतो. तिथं आरपीईच्या जागी आरसीआर, म्हणजे 'रिस्पॉन्सिबल कंडक्ट ऑफ रिसर्च'. एनएसएफ, म्हणजे तिथली विज्ञान संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, ते पैशाला बांधते: जानेवारी 2010 पासून ग्रँटवर काम करणारे विद्यार्थी आणि पोस्टडॉक, आणि 31 जुलै 2023 पासूनच्या प्रस्तावांत प्राध्यापकही. माणसाशी कधी संबंध न आलेल्या गणितवाल्यालाही ते चुकत नाही. एनआयएचचं, म्हणजे तिथल्या आरोग्य संशोधनाच्या सरकारी संस्थेचं, माणसांविषयीचं प्रशिक्षण वेगळं. ते ऑक्टोबर 2000 पासून आहे आणि अभ्यासात माणसं असतील तरच लागतं. त्याच एनआयएचला फेलोशिपवाल्यांकडून आरसीआरही हवं असतं: किमान आठ तास, दर चार वर्षांनी निदान एकदा, आणि नुसतं ऑनलाइन क्लिक करून चालत नाही. ही शेवटची अट मला फार आवडते. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत शेवटी दहा प्रश्न सोडवलेल्या माणसाला संमती घेता येते असं मला कधी दिसलेलं नाही. मी समोरासमोर बसवून, फॉर्म बाजूला ठेवून, "आता हे आजीला समजेल असं सांग," म्हणतो. 'सहभागीस कोणत्याही प्रकारे बाध्य करण्यात आलेले नाही' अशी वाक्यं लिहिणाऱ्यांनी एकदा तरी ती कोल्हापूरच्या बिंदू चौकात मोठ्यानं वाचून दाखवावीत.

आणि हो, या दोन्हींपैकी कुठलंही सर्टिफिकेट म्हणजे एथिक्स कमिटीची मान्यता नव्हे. मान्यता अभ्यासाला मिळते, ती माहिती गोळा करण्याआधी घ्यायची असते, आणि मागच्या तारखेनं मिळत नाही. "सर, डेटा झालाय, फक्त लेटर द्या," असं म्हणत येणाऱ्यांना मी चहा पाजतो, लेटर देत नाही.

तालमीचं पुढं असं झालं, की रविवारी आई-बाप तूप-बदाम घेऊन पोरांना भेटायला येतात हे विद्यार्थ्याला समजलं. पाच रविवार तो तिथं बसला. लांबच्या पोरांचे आई-बाप आलेच नाहीत, ती पोरं गळाली. एका मुलाचे वडील लगेच हो म्हणाले, मुलगा मात्र नको म्हणाला. "सर, याचं काय करू?" असा फोन आला. घेऊ नकोस, म्हटलं. साठाचे एकेचाळीस झाले, आणि तो आकडा ग्रँट देणाऱ्यांना कळवायचं पत्र मीच लिहिलं.