हॉलमध्ये पाहुण्यांचा पलंग: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

पाहुण्यांसाठी वेगळी खोली असलेली घरं आपल्या भागात थोडीच. बेळगावच्या टिळकवाडीतला फ्लॅट असो नाहीतर खानापूरकडचं सोपा-माजघराचं जुनं घर, पाहुण्यांची पथारी पडते ती बाहेरच्याच खोलीत. तिथंच टीव्ही, तिथंच मुलांचा अभ्यास, कुठं देव्हाराही तिथंच. म्हणून ‘सोफा-कम-बेड दाखवा’ म्हणत कुणी आलं की आम्ही आधी त्यांच्या खोलीची चौकशी करतो. पलंग वर्षातले फार तर महिनाभर लागणार. बाकीचे अकरा महिने त्याच्याभोवती घरच्यांनीच वावरायचं आहे.

आधी खडूनं आखून बघा

दुकानात सोफा मिटलेला दिसतो आणि लोक त्याच मापावर भुलतात. तीन माणसं बसतील असा साधा सोफा-कम-बेड मिटला की साधारण तीन फूट खोल असतो, उघडला की भिंतीपासून एकूण सहा फूट पुढं येतो. खोली दहा फूट रुंद असेल तर उरले चार. समोर दीड फुटाचं टीव्ही युनिट असेल तर अडीच. रात्री पाण्याला उठणाऱ्याला पाहुण्यांच्या पायाला न लागता जायला दोन फूट तरी लागतात, म्हणजे इथं जेमतेम जमलं. खोली नऊ फुटी असेल तर नाही जमत, आणि ते आम्ही तोंडावर सांगतो.

घरी गेल्यावर उघड्या पलंगाचं माप फरशीवर खडूनं आखा. मग बाहेरचं दार पूर्ण उघडून बघा, कपाटाची दारं उघडा, टीपॉय कुठं सरकवणार ते ठरवा. पंख्याचं बटण आणि मोबाइलचा पॉइंट झोपल्या जागेवरून हाताला येतो का, हेही बघून घ्या. एक दिवस ती खूण तशीच ठेवून घरात वावरा. घरातली बाई दिवसातून किती वेळा तिथून जाते, ते तेव्हाच कळतं.

येणारं माणूस कोण?

शिवजयंतीच्या चित्ररथांना आलेले पाहुणे रात्रभर मिरवणूक बघतात आणि पहाटे येऊन आडवे होतात, नेमकं घर जागं व्हायच्या वेळेला. अशा वेळी हॉलचं सगळं तोंड अडवणारा पलंग अडचणीचाच. एका भिंतीला लागून राहणारा दिवाण बरा.

दवाखान्यासाठी गावाकडून आलेले आजी-आजोबा पंधरा-पंधरा दिवस राहतात. त्यांना उंची हवी. गादी धरून सतरा-अठरा इंच असली की पाय जमिनीला टेकतात आणि उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. गादी चार इंची असेल तर चौकट तेरा-चौदा इंचांची घ्या. दिवाणाखालून चाकांवर बाहेर येणारा बुटका पलंग मुलांना खेळ वाटतो, पण म्हाताऱ्या माणसाला त्यावरून उठवत नाही.

आणि गावची लक्ष्मीयात्रा असेल, घरात पंचवीस-तीस माणूस असेल, तर कुठलंच फर्निचर पुरत नाही. त्याला सतरंज्या, गाद्या आणि वाकळाच. त्यासाठी पलंग मोठा करू नका. गाद्या ठेवायला जागा कुठं आहे तेवढं बघा.

आमची पसंती: दिवाण

नव्या फॅशनमध्ये दिवाण मागं पडला, पण हॉलसाठी आम्ही अजून तोच सुचवतो. सहा बाय तीनचा दिवाण मागं दोन लोड टाकले की बैठक, लोड काढले की पलंग. उघडायचं-मिटायचं काही नाही, बिघडायलाही काही नाही. तीन फूट खोल बैठक बसायला जास्त होते, पाठ टेकत नाही. म्हणून लोड जाड आणि घट्ट भरलेलेच घ्या, मऊ उशांनी भागत नाही.

दोघांची सोय हवी असेल तर ओढून रुंद होणारा दिवाण करून देतो. पट्ट्या एकमेकींत बसवलेल्या असतात. पुढची चौकट ओढली की तीन फुटांचे पाच-साडेपाच फूट होतात. गादी दोन तुकड्यांत येते आणि मधला सांधा पाठीला टोचतो, हे खरं. त्यावर एक जाड वाकळ आडवी अंथरली की भागतं. ओढताना फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून पुढच्या पायांना रबरी चाकं लावून घ्या.

सोफा-कम-बेड वाईट नाही. मात्र दुकानात तुम्ही स्वतः तो उघडू नका. रात्री अकराला घरी जी व्यक्ती तो उघडणार आहे, तिला बरोबर आणा आणि तिच्याकडून दोनदा उघडून-मिटवून घ्या. तिला जड गेला तर तो पलंग कायम सोफाच राहतो आणि पाहुणे खाली झोपतात.

भिंतीत उभा मिटणारा पलंग इंटरनेटवर बघून बरेच जण विचारतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खोलीच्या घरासाठी काढलेली ही युक्ती आजही कामाची आहे, फक्त भिंत तशी हवी. पक्क्या विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर करू. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीत बोल्ट धरत नाहीत. अशा घरात आम्ही हे काम घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणखी एक: त्याच्या गॅस स्प्रिंगा ठरावीक वजनाच्या गादीसाठी बसवलेल्या असतात. नंतर हौसेनं कापसाची जड गादी टाकलीत तर पलंग वर थांबणार नाही. स्टोरेजच्या हायड्रॉलिक पलंगालाही हेच लागू.

गादी

झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा सहा इंच लांब. बहात्तर इंची गादी बहुतेकांना चालते. उंच पाहुणे नेहमीचे असतील तर पंच्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर सांगा. मिटणाऱ्या सोफ्याला फोमच लागतो. त्यात चाळीस डेन्सिटीचा (घनमीटरला चाळीस किलो वजनाचा) घ्या. डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक असं नाही, ती लवकर बसत नाही एवढंच. दिवाणाला कापसाची गादी उत्तम, मात्र वरचेवर ऊन दाखवायची आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायची तयारी हवी.

पाऊस, ओल आणि वाळवी

अथणी-चिकोडीकडच्या ग्राहकांनी हा भाग वरवर वाचला तरी चालेल. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातल्यांनी मात्र नीट वाचावा. तिकडं पावसाळ्यात भिंत घाम फुटल्यासारखी ओली होते. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन इंच तरी सोडा. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) तिकडं अजिबात नको. पाणी पिऊन फुगला की स्क्रू सुटतात आणि तो पुन्हा घट्ट होत नाही. साधा कमर्शियल प्लाय दमट हवेला टिकतो, पाण्याला नाही. आम्ही दिवाणाखालच्या सामानाच्या पेटीला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) प्लाय वापरतो, आणि फारच ओल असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. भाव वाढतो, तो सांगूनच वाढवतो.

पेटीला खाली आणि मागं हवेची भोकं पाडून देतो. ‘झुरळं जातील’ म्हणून ती बुजवू नका, जाळी मारून देऊ. आत ठेवायची वाकळ पूर्ण वाळलेली असू द्या. पाय लाकडी असतील तर महिन्यातून एकदा तळ बघा. मातीची बारीक रेघ वर चढताना दिसली की ती वाळवी. तेव्हा नुसतं पुसून काढू नका, लगेच कळवा.

आणताना आणि बसवताना

मापाबरोबर जिन्याच्या वळणाचा आणि दाराचा फोटो मोबाइलवर पाठवा. वळण अरुंद असेल तर दिवाण सुटा आणून जागेवर जोडतो, सोफा-कम-बेडची लोखंडी चौकट मात्र बहुतेक वेळा अखंडच वर न्यावी लागते. माप फूट-इंचांत लिहा, दोनदा मोजून; भिंत वरखाली सरळ नसेल तर फरशीजवळचं आणि कमरेच्या उंचीवरचं, दोन्ही मापं द्या.

गणपतीला नवा दिवाण हवा असेल तर ऑर्डर पावसाआधी द्या. भर पावसात पॉलिश नीट वाळत नाही, त्यावर पांढरट झाक चढते. उशिरा ऑर्डर आली तर आम्ही दिवाण बिनपॉलिशचा बसवून देतो आणि दसऱ्यानंतर, उघडीप पडली की, घरी येऊन पॉलिश करतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. तेवढे दिवस त्यावर जुनी चादर घालून ठेवा आणि चहाचे कप जपून ठेवा.