स्टॉर्मवॉटर युटिलिटी फी

आपल्या छतावर, अंगणात, पार्किंगमध्ये पडलेलं पावसाचं पाणी वाहत वाहत शहराच्या गटारात जातं, ते वाहून न्यायचा खर्च म्हणून दर महिन्याला किंवा वर्षाला जे पैसे भरायचे त्याला स्टॉर्मवॉटर युटिलिटी फी म्हणतात. नळाचं बिल घरात आलेल्या पाण्याचं, हे बिल बाहेर सोडलेल्या पाण्याचं. एवढा फरक डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी बहुतेक शहरांत हा खर्च मालमत्ता कराच्या सरकारी तिजोरीतूनच व्हायचा आणि अजूनही कित्येक ठिकाणी तसाच होतो. त्यात अडचण अशी की गटाराचे पाईप जमिनीखाली, कुणाला दिसत नाहीत, त्यामुळे शाळा, रस्ते, पोलीस यांचं वाटप झालं की मग उरलंसुरलं यांच्या वाट्याला, आणि उन्हाळ्यात तर निचऱ्याची आठवणसुद्धा कुणाला येत नाही. वेगळी फी लावली की वेगळं खातं होतं, पैसा त्याच कामाला लागतो, दरवर्षी साधारण किती येणार ते आधी कळतं आणि त्या भरवशावर कर्जरोखे काढून मोठे पाईप, साठवण तळी अशी कामं हातात घेता येतात.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहराने १९७४ मध्ये अशी युटिलिटी काढली, अगदी सुरुवातीच्यांपैकी ती एक. खरा जोर नंतर आला. १९८७ मध्ये तिथल्या स्वच्छ पाणी कायद्यात दुरुस्ती झाली, मग १९९० च्या नियमांनी मोठ्या शहरांना आणि १९९९ च्या नियमांनी लहान शहरांनाही पावसाचं पाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी परमिट घेणं भाग पडलं, कारण हे पाणी रस्त्यावरचं तेल, बागेतलं खत, कुत्र्यांची घाण सगळं घेऊन थेट नदीत जातं. परमिट आलं, कामं आली, पैसे मात्र कुणी दिले नाहीत, मग शहरं फीकडे वळली.

आता फी मोजतात कशी, आणि माझ्या मते सगळा न्याय-अन्याय इथेच ठरतो. १ चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर २५ मिलीमीटरची एक सर आली की २,५०० लिटर पाणी पन्हळीतून खाली येणार, आणि तेवढ्याच मोकळ्या मातीत त्यातलं बरंचसं मुरून जाईल. म्हणून बिल लागतं ते पाणी न मुरणाऱ्या जागेवर: छत, काँक्रीट, डांबर, घट्ट बसवलेली फरशी. हवाई फोटोंवरून हे क्षेत्र मोजतात. शहरातल्या साधारण एका घराचं असं सरासरी क्षेत्र काढून त्याला एक युनिट धरायचं ही पद्धत अमेरिकेत खूप चालते. समजा युनिट २५० चौरस मीटरचं असेल तर २५,००० चौरस मीटर डांबर टाकलेल्या मॉलला १०० घरांइतकं बिल. काही शहरं घरटी सरसकट एकच रक्कम घेतात, हिशोब सोपा पडतो खरा पण छोट्या घरवाल्याला बंगलेवाल्याइतकंच भरावं लागतं, हे मला पटत नाही.

अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहराचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे आधी ही फी पाण्याच्या मीटरच्या साईजवर ठरायची, म्हणजे ज्या पार्किंगच्या मैदानात नळच नाही त्याला बिलच नाही, आणि गटारात सगळ्यात जास्त पाणी तर तेच ढकलणार! २०१० पासून तिथे घरं सोडून बाकीच्या मालमत्तांना टप्प्याटप्प्याने जागेच्या मोजमापावर बिल लागलं. जर्मनीत सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांचं शुल्कच वेगवेगळं असतं, पावसाचं दर चौरस मीटरला, आणि छतावर हिरवळ केली तर बऱ्याच गावांत सूट मिळते.

विरोध ठरलेलाच. लोक म्हणतात पावसावर टॅक्स लावला. कोर्टातही प्रश्न तोच येतो, ही फी की कर? कारण कर असेल तर काही राज्यांत आधी मतदारांची मंजुरी लागते. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये लान्सिंग शहराची फी हा करच आहे असं ठरवून रद्द केली. मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये मोठ्या काउंटींना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) फी सक्तीची केली, 'रेन टॅक्स' म्हणून इतकी ओरड झाली की २०१५ मध्ये सक्ती काढून टाकली. दुसरीकडे, कर माफ असलेल्या चर्च, शाळा, सरकारी ऑफिसं यांनाही फी सहसा लागू होते, त्यांच्या छतावरचं पाणी काही वेगळं वाहत नाही. केंद्र सरकारच्या इमारतींनीही रास्त फी भरावी असा कायदा अमेरिकेत २०११ मध्ये झाला.

शोषखड्डा, पाणी मुरवणारी बाग, पाणी झिरपणारे पेव्हर ब्लॉक असं काही केलं तर बिलात क्रेडिट मिळतं. पण बिलच लहान असलं तर सूटही लहान, त्या सुटीत बांधकामाचा खर्च निघायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून काही शहरं वरून अनुदानही देतात. आणि शोषखड्डा गाळाने भरला की तो नुसता खड्डा, पाणी पुन्हा रस्त्यावर, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी क्रेडिट ठराविक वर्षांपुरतंच असतं, मुदत संपली की तपासणी करून पुन्हा अर्ज करायचा.