प्रणाली-स्थलांतर : लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर

लॅपटॉपमधील फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरची कार्यप्रणाली, तिच्यावर चालणारी सॉफ्टवेअर आणि वापरणाऱ्याची सगळी माहिती जशीच्या तशी सॉलिड स्टेट ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर नेण्याची क्रिया. बोलण्यात तिला ‘एसएसडी टाकणे’ म्हणतात. मात्र त्या शब्दप्रयोगात दोन वेगळी कामे मिसळलेली असतात : ‘फॉरमॅट मारून’ विंडोज नव्याने टाकणे आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करणे. ही नोंद मुख्यतः दुसऱ्या कामाविषयी आहे.

फायली उचलून दुसरीकडे ठेवल्या की प्रणाली हलली, असे होत नाही. यंत्र सुरू होताना मदरबोर्डवरील फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) ठराविक जागी बूटची नोंद शोधते, ती नोंद पुढच्या विभाजनाकडे (पार्टिशनकडे) बोट दाखवते आणि तिथून कार्यप्रणाली उठते. या साखळीतील प्रत्येक कडी नव्या डिस्कवर योग्य जागी असावी लागते. क्लोनिंगचे बहुतेक अपयश या साखळीतच सापडते, कॉपी करण्यात क्वचित.

पार्श्वभूमी : चुंबकीय डिस्कचा आरंभ आयबीएमच्या १९५६ मधील रॅमॅक यंत्रापासून धरतात. २४ इंची ५० चकत्यांवर त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पहिली एसएसडी कोणती, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. न फिरणारा कोणताही साठा एसएसडी मानला, तर १९७६ च्या सुमाराचे डेटारॅम कंपनीचे ‘बल्क कोर’ हे चुंबकीय कड्यांचे उपकरण आधी येते. अर्धवाहकाची (सेमीकंडक्टरची) अट घातली, तर १९७८ चे स्टोरेजटेक ४३०५ पुढे येते. त्याची क्षमता ४५ एमबी होती. ते आयबीएमच्या मोठ्या संगणकांना जोडण्यासाठी बनवले होते. वीज गेल्यावरही माहिती टिकवणारी फ्लॅश स्मृती हीच कसोटी धरली, तर १९९१ मध्ये सनडिस्कने (पुढे सँडिस्क) आयबीएमसाठी बनवलेली २० एमबीची ड्राइव्ह पहिली ठरते. लॅपटॉपच्या संदर्भात ही शेवटची कसोटी अधिक सयुक्तिक वाटते, कारण आज लॅपटॉपमध्ये बसते ती एसएसडी फ्लॅशचीच असते. फ्लॅशचा शोध तोशिबातील फुजिओ मासुओका यांचा. नॉर प्रकार त्यांनी १९८४ मध्ये मांडला आणि आजच्या एसएसडीत असतो तो नॅन्ड प्रकार १९८७ मध्ये. पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात होते, म्हणून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याने हे नाव सुचवले असे सांगतात. ग्राहकांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी २००६ ते २००८ या काळात दिसू लागली.

वेगातील फरकाचे कारण : लॅपटॉपची सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो सेक्टर (चकतीवरचा माहितीचा ठराविक आकाराचा तुकडा) वाचक टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. टोक योग्य ट्रॅकवर (चकतीवरच्या वर्तुळाकार पट्टीवर) सरकण्याचा वेळ याहून वेगळा. म्हणून विखुरलेले लहान तुकडे वाचताना ही डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच मागण्या पुऱ्या करते, आणि विंडोज उठताना नेमके असेच हजारो लहान तुकडे मागते. एसएसडीत हलणारा भागच नाही. जुन्या लॅपटॉपच्या साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) जोडणीवरही ती अशा हजारो मागण्या एका सेकंदात भागवते. प्रोसेसर जुना असला तरी यंत्र नवे झाल्यासारखे वाटते, ते यामुळे.

क्लोनिंगची साधने : डिस्कची सेक्टरनिहाय प्रत घेणारी सर्वांत जुनी परिचित आज्ञा युनिक्समधील ‘डीडी’. ती १९७४ च्या सुमाराच्या पाचव्या आवृत्तीत आढळते. तिच्या नावाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ‘कॉपी अँड कन्व्हर्ट’ यावरून ‘सीसी’ ठेवायचे होते, पण ते नाव सी भाषेच्या कंपायलरने आधीच घेतल्यामुळे पुढचे अक्षर निवडले. दुसऱ्या मतानुसार नाव आयबीएमच्या जॉब कंट्रोल लँग्वेजमधील ‘डेटा डेफिनिशन’ या विधानावरून आले. आज्ञेची रचना पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते. इतर युनिक्स आज्ञांत आडव्या रेषेने सुरू होणारे पर्याय असतात, तर डीडीमध्ये ‘आयएफ बरोबर अमुक, ओएफ बरोबर तमुक’ अशी बरोबरच्या चिन्हाची, जॉब कंट्रोल लँग्वेजच्या वळणाची मांडणी आहे. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनीही पुढे याच मताला दुजोरा दिला. पहिली व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली असावी. ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ हा गमतीचा अर्थ वापरणाऱ्यांनी दिला, आणि त्याला कारण आहे : आयएफ म्हणजे जिथून वाचायचे ती डिस्क आणि ओएफ म्हणजे जिथे लिहायचे ती. ही दोन अक्षरे उलटसुलट झाली, तर कोरी एसएसडी भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि घरातले वर्षानुवर्षांचे फोटो काही मिनिटांत जातात.

वैयक्तिक संगणकांवर क्लोनिंग रुळवले ते ‘घोस्ट’ने. न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनी ते १९९० च्या दशकाच्या मध्यास लिहिले, आणि १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतले. मुक्त साधनांत तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला प्रमुख आहे. मूळ डिस्कवर खराब सेक्टर असतील, तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतात. ते वाचता येईल तेवढे आधी उतरवून घेते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग त्या जागांकडे पुन्हा वळते. मरणासन्न डिस्ककडून आधी सोपे काम करून घेणे हेच शहाणपणाचे.

सेक्टर-जुळणीचा प्रश्न : जुन्या प्रणालीचा क्लोन एसएसडीवर चालतो, पण अपेक्षेपेक्षा मंद चालतो. याचे एक कारण ६३ या आकड्यात आहे. जुन्या विभाजन तक्त्यात सेक्टरच्या क्रमांकाला ६ बिट दिलेले होते. ६ बिटांत ० ते ६३ हे आकडे बसतात, पण सेक्टरची मोजणी १ पासून होत असल्याने एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर ठरले. पहिला ट्रॅक बूट नोंदीसाठी सोडून पहिले विभाजन दुसऱ्या ट्रॅकच्या आरंभी, म्हणजे शून्यापासून मोजता ६३ व्या सेक्टरवर ठेवण्याचा रिवाज पडला. विंडोज एक्सपीपर्यंत तो टिकला. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून ६३ ला ५१२ ने गुणले की ३२,२५६ बाइट होतात. त्यांना ४,०९६ ने भागले की ७.८७५ उरतात, पूर्णांक येत नाही. एसएसडी मात्र आपला हिशेब सामान्यतः ४,०९६ बाइटच्या किंवा त्याच्या पटीतल्या पानांत ठेवते. परिणामी प्रणालीचा ४ केबीचा प्रत्येक तुकडा दोन पानांच्या सीमेवर पडतो आणि एका लेखनासाठी दोन पानांना हात लावावा लागतो. वेग घटतो आणि झीजही वाढते.

विंडोज व्हिस्टापासून पहिले विभाजन २,०४८ व्या सेक्टरवर सुरू होते. हे १०,४८,५७६ बाइट, म्हणजे ४,०९६ च्या बरोबर २५६ पट. परंतु एक्सपीच्या काळातले विभाजन तसेच ठेवून त्यावर विंडोज ७ टाकलेली यंत्रे पुष्कळ होती. त्यांत जुनी जुळणी कायम राहिली आणि सेक्टरनिहाय क्लोनने ती इमानाने एसएसडीवर नेली. तपासणी सोपी आहे : विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये डिस्कखाली ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ दिसतो, त्याला ४,०९६ ने निःशेष भाग गेला पाहिजे.

बूट आणि ड्रायव्हर : मास्टर बूट रेकॉर्ड पद्धतीच्या, म्हणजे वर सांगितलेला जुना विभाजन तक्ता असलेल्या, डिस्कवर चार बाइटची स्वाक्षरी असते आणि विंडोजची बूट नोंद तिच्यावर विसंबते. क्लोनमध्ये ही स्वाक्षरीही उतरते. दोन्ही डिस्क एकदम जोडून विंडोज सुरू केले, तर ते एकीला ऑफलाइन करते. तिला पुन्हा ऑनलाइन आणताना स्वाक्षरी बदलली जाते, आणि तीच एसएसडी असेल तर ती पुढे बूट होत नाही. म्हणून क्लोननंतरची पहिली सुरुवात जुनी डिस्क काढून, एकट्या एसएसडीवर करावी. साटावरून एनव्हीएमई (साटाहून नव्या व वेगवान जोडणीच्या) ड्राइव्हवर जाताना ड्रायव्हरचा, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न येतो. विंडोज ७ मध्ये मुळात एनव्हीएमईचा आधार नव्हता, ८.१ पासून तो आहे. निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आले तर एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर) सुरू केल्याने बरेचदा काम भागते. बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर क्लोनआधी तो बंद करावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

प्रत्यक्ष काम : डिस्क काढण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवतात. २.५ इंची डिस्क चार स्क्रूंनी पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. चौकटीसकट ती आडवी सरकवली की साटाच्या खाचेतून सुटते. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची आणि एसएसडी ७ मिमीची असली, तर मधल्या अडीच मिमीसाठी प्लास्टिकची चौकट लावतात, नाहीतर एसएसडी आत हलते. क्लोन करताना एसएसडी यूएसबी अडॅप्टरने जोडतात. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, त्यामुळे २०० जीबीला दीड तासाहून जास्त लागतो.

५०० जीबीच्या डिस्कवरून १ टीबीच्या एसएसडीवर गेल्यावर नेहमी दिसणारे चित्र असे : डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच आहे, त्याला चिकटून रिकव्हरीचे छोटे विभाजन आहे आणि त्यापलीकडे ४६५ जीबीची काळी पट्टी आहे. सी वर राइट क्लिक केले, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसते. विंडोज लगतचीच मोकळी जागा घेऊ शकते आणि मध्ये रिकव्हरी बसलेली आहे. ते विभाजन शेवटी सरकवले की वाट मोकळी होते. क्लोननंतर ट्रिम चालू आहे ना, हेही पाहतात. पुसलेल्या जागेची वर्दी एसएसडीला देणारी ही सोय विंडोज ७ पासून आहे.

क्लोन की नवी प्रणाली, याबाबत दुरुस्ती करणाऱ्यांत एकमत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत नव्याने विंडोज टाकण्याकडे कल असतो. काम लवकर उरकते आणि जुना कचराही जातो. तरी ज्या लॅपटॉपवर हिशेबाचे सॉफ्टवेअर, त्याचा परवाना आणि दहा वर्षांची बसवलेली घडी आहे, तिथे क्लोनच योग्य. प्रणाली आधीच बिघडलेली किंवा विषाणूग्रस्त असेल तर उलट.

जुनी डिस्क नवे यंत्र आठवडाभर नीट चालल्याचे पाहीपर्यंत पुसू नये. पुढेही ती सुस्थितीत असेल तर कपाटातल्या साठ्यासाठी एसएसडीपेक्षा बरी. ग्राहक श्रेणीच्या एसएसडीला जेडेक या अर्धवाहक उद्योगाच्या मानक-संस्थेच्या मानकाची अट आहे ती अशी : लेखनमर्यादा संपल्यावर विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकावी. उष्णता वाढली की ही मुदत घटते.